मुलगी केमिकलला घालावी का?

जुलै-ऑगस्टमध्ये सीईटीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतही त्याची चर्चा पोहोचते. बीपीची गोळी बदलून घ्यायला आलेले वडील खिशातून प्रवेशाचा कागद काढतात, शुगरच्या तपासणीला आलेली आई उठता उठता पुन्हा बसते. खेड तालुक्यातली एक आई अशीच पुन्हा बसली. मुलीचा लोणेऱ्याच्या विद्यापीठात केमिकल इंजिनीअरिंगला नंबर लागला होता. "मॅडम, केमिकल म्हणजे आमच्या लोट्याच्या एमआयडीसीसारखंच ना? मुलीच्या जातीला तिथं काम देतील? आणि दिलं तरी उद्या लग्न झाल्यावर, पोरंबाळं होताना काही झालं तर?" मुलगी शेजारी मान खाली घालून उभी होती. वैतागली होती हे दिसत होते.

या माउलीने दोन प्रश्न एकत्र विचारले. एक नोकरीचा आणि एक शरीराचा. पहिल्या प्रश्नाला करिअर मार्गदर्शनवाले उत्तर देतात. दुसरा प्रश्न मात्र मोठ्याने कोणी विचारत नाही. तो मामा-मावश्यांच्या कुजबुजीत फिरतो आणि तिथेच मुलीचा निकाल लागतो. आयटी चालते, कॉम्प्युटर चालते, केमिकल नको. म्हणून दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तर देणे गरजेचे आहे.

आधी केमिकल इंजिनीअर नेमके करतो काय, ते पाहू. रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत चंबूमध्ये चमचाभर पदार्थ बनवतो. तोच पदार्थ दहा टन, रोज, त्याच शुद्धतेचा, परवडेल अशा खर्चात आणि कोणाचा जीव न घेता बनवायचा, हे केमिकल इंजिनीअरचे काम. ऐकायला सोपे वाटते, पण चंबू मोठा केला की कारखाना होत नाही. चंबूतल्या रासायनिक क्रियेत निर्माण होणारी उष्णता काचेतून बाहेर निघून जाते. भांडे दहा हजार लिटरचे केले की आतला माल जितक्या पटीने वाढतो तितक्या पटीने बाहेरचा पृष्ठभाग वाढत नाही. उष्णता आतच साचते, क्रिया आणखी वेगाने होते, आणखी उष्णता तयार होते आणि मग स्फोटाची बातमी येते. ही उष्णता बाहेर कशी काढायची, पातळ पदार्थ कसा ढवळायचा, त्यात वायू कसा विरघळवायचा, एकातून एक वेगळे कसे करायचे, याचे हे शास्त्र आहे.

रुग्णालयात नजर फिरवली तर या शास्त्राशिवाय एक कॉटही चालत नाही. हवा अतिथंड करून तिचे द्रवरूप ऊर्ध्वपातन केले की त्यातून ऑक्सिजन वेगळा निघतो. २०२१ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत बसवलेले पीएसए प्लांट झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजात हवेतला नायट्रोजन अडकवून ऑक्सिजन पुढे सोडतात. डायलिसिसच्या नळकांड्यात केसासारख्या बारीक हजारो पोकळ नळ्या असतात. जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतलेले इन्सुलिन पुढे पायरीपायरीने शुद्ध करावे लागते. वापरून फेकायची सिरिंज, विरघळणारा टाका, सलाईनची बाटली, सगळे याच विद्येतून आलेले आहे. रुग्ण डॉक्टरला हात जोडतो, केमिकल इंजिनीअर त्याला कधीच दिसत नाही.

पेनिसिलिनची गोष्टही अशीच, अर्धीच सांगितली जाते. फ्लेमिंगची बशी आणि बुरशी सगळ्यांना पाठ असते. त्यापुढचे कमी जणांना माहीत असते. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन दिले गेले. चेहऱ्यावर, डोळ्यात, फुप्फुसात पसरलेला जंतुसंसर्ग काही दिवसांत आटोक्यात येऊ लागला. मग औषध संपले. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचले, तरी पुरले नाही. मार्चमध्ये तो दगावला. औषध सापडले होते, ते लागूही पडत होते, पण बनवता येत नव्हते. ऑक्सफर्डमध्ये बुरशी वाढवायला सुरुवातीला चक्क रुग्णालयातले बेडपॅन वापरले जात. पुढे तशाच आकाराची चिनीमातीची भांडी करून घेतली आणि ती हाताळायला सहा तरुण मुली नेमल्या. त्यांना 'पेनिसिलिन गर्ल्स' म्हणत. बुरशी पृष्ठभागावर सायीसारखी वाढायची. एवढ्याशा औषधासाठी असंख्य भांडी लागायची.

यातून सुटका झाली ती बुरशी खोल टाकीत बुडवून वाढवण्याच्या युक्तीने. पण बुरशीला श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो. हजारो लिटरच्या टाकीच्या तळापर्यंत निर्जंतुक हवा पोहोचवायची, ती द्रवात विरघळवायची, फेस आटोक्यात ठेवायचा, तयार होणारी उष्णता काढून घ्यायची आणि शेवटी उष्णतेने व आम्लाने नाश पावणारे पेनिसिलिन थंडगार स्थितीत झटपट वेगळे करायचे, अशी सगळी तारेवरची कसरत. हे काम ज्यांनी केले त्या इंजिनीअरांमध्ये मार्गारेट हचिन्सन ही तरुण बाई होती. जन्म १९१० चा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. १९३७ साली तिने एमआयटीतून केमिकल इंजिनीअरिंगची डॉक्टरेट घेतली. अमेरिकेत या विषयात डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या प्रबंधाचा विषय होता वायू द्रवात शोषला जाण्याचा. तेव्हा तो रुक्ष वाटला असेल. सात वर्षांत त्याच विद्येवर सैनिकांचे प्राण अवलंबून होते. बोस्टनच्या एका आराखडा करणाऱ्या कंपनीत ती काम करत होती आणि पेनिसिलिनच्या खोल टाक्यांच्या कारखान्याच्या रचनेची धुरा तिच्यावर होती. १ मार्च १९४४ रोजी ब्रुकलिनमधल्या एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात १४ टाक्या सुरू झाल्या, प्रत्येकी साडेसात हजार गॅलनच्या, म्हणजे साधारण २८ हजार लिटरच्या. तीन महिन्यांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यासोबत पुरेसे पेनिसिलिन होते.

मार्गारेट हचिन्सन लग्नानंतर मार्गारेट रूसो झाली, तिला मुलगा झाला आणि कामही सुरू राहिले. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या केमिकल इंजिनीअरांच्या संस्थेने तिला सदस्य करून घेतले. त्या संस्थेची ती पहिली स्त्री-सदस्य.

दहा वर्षांनी हीच विद्या पुण्याजवळ आली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येकांच्या लहानपणच्या न्यूमोनियावर पिंपरीच्या टाक्यांतले औषध चालले असेल.

आपल्याकडे मात्र त्या काळी मुलींना प्रयोगशाळेचे दारच उघडत नव्हते. कमला भागवत, म्हणजे दुर्गा भागवतांची धाकटी बहीण, १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिली आली. वडील आणि काका दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तिने तिथेच अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रमण. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती परत फिरली नाही. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल, प्रयोगशाळेतले वातावरण बिघडवायचे नाही. या शेवटच्या अटीचा अपमान त्यांना आयुष्यभर बोचला. वर्षभराने रमण यांचे समाधान झाले आणि संस्थेत पुढे मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई केंब्रिजला गेल्या. पेशींच्या श्वसनात महत्त्वाचे असलेले सायटोक्रोम सी वनस्पतींतही असते हे त्यांनी दाखवले आणि १९३९ मध्ये अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळवली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये, तांदूळ, नीरा अशा गरिबांच्या अन्नावर संशोधन केले. कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रियांना नीरेचा उपयोग होतो, हे त्यांच्या गटाने दाखवले. हा विषय त्यांना सुचवला होता राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी.

गंमत अशी की १९३३ मध्ये कमलाबाईंना रात्री काम करावे लागेल अशी अट घातली गेली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने बरोबर उलटे केले. त्याच्या कलम ६६ नुसार सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याखेरीज बाईला कारखान्यात काम देता येत नसे. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम काय झाला? केमिकल प्लांट चोवीस तास चालतो. टाकी रात्री बंद करून सकाळी चालू करता येत नाही. जी व्यक्ती रात्रपाळी करू शकत नाही तिला शिफ्ट इंजिनीअर नेमून उपयोग काय, असे कंपन्या म्हणत. त्यामुळे केमिकलच्या वर्गात मुली दिसू लागल्या तरी प्लांटवर दिसत नव्हत्या. त्या गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत किंवा कॉलेजात शिकवायला जायच्या. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ही बंदी समानतेच्या विरोधात ठरवली. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने, सुरक्षेच्या अटींसह, रात्रपाळी खुली केली. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या २०२० च्या केंद्रीय संहितेत तर स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामावर घेता येईल आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांच्या संमतीने काम देता येईल असे स्पष्ट लिहिले आहे. संमती हा शब्द इथे महत्त्वाचा. रात्रपाळी झोपेला आणि चयापचयाला वाईटच, पण ती पुरुषांच्या शरीरालाही तितकीच वाईट. नर्सच्या रात्रपाळीवर मात्र कधी कोणी हरकत घेतली नाही.

आज कामाची दारे बरीच आहेत. प्लांटवरचे उत्पादन हा एक भाग. दुसरा, आराखडा कार्यालयांतला: कारखाना बांधण्याआधी तो कागदावर आणि संगणकावर चालवून पाहणे. तिसरा, सुरक्षा. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि प्रक्रिया-सुरक्षा हा मोठा पेशा झाला. यातल्या 'हॅझॉप' नावाच्या पद्धतीत पाच-सहा जण नकाशा पुढे घेऊन प्रत्येक नळीबद्दल विचारत बसतात: इथे प्रवाह वाढला तर? थांबला तर? उलटा वाहिला तर? चिकाटीने शंका काढणाऱ्या माणसासाठी हे काम आहे. सुरक्षा अधिकारी व्हायचे तर मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची पदविका आहे. पर्यावरण हे चौथे क्षेत्र: सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प, प्रदूषण नियंत्रण मंडळ, सल्लागार कंपन्या. औषध आणि लसनिर्मिती, अन्नप्रक्रिया, बॅटरी, प्लास्टिकचा पुनर्वापर हे तर आहेच. पेटंटचे काम फार कमी मुलींना माहीत असते. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असेल तर पेटंट एजंटची परीक्षा देता येते. हे काम घरूनही करता येते आणि त्यात भाषा लागते. 'गेट' परीक्षा दिली की एम.टेक., भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण आणि सरकारी तेल कंपन्यांची भरती हे मार्ग मोकळे होतात.

शिकायची ठिकाणेही लांब नाहीत. माटुंग्याची १९३३ सालची आयसीटी, जिला जुनी माणसे अजून यूडीसीटी म्हणतात; तिचे आता जालन्यालाही केंद्र आहे. नागपूरची एलआयटी १९४२ ची. संशोधनासाठी पुण्याची एनसीएल. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून पदविका आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला पदवी, हा रस्ता ग्रामीण मुलींना अनेकदा जास्त सोपा जातो. अभियांत्रिकी जमली नाही तर रसायनशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. करून औषध कंपनीच्या विश्लेषण विभागात किंवा संशोधनात जाता येते. मराठी माध्यमाची धास्ती असेल तर एक उदाहरण पुरे. सीएसआयआर या देशभर पसरलेल्या प्रयोगशाळांच्या परिषदेच्या महासंचालकपदी २०२२ मध्ये पहिल्यांदा एक स्त्री आली: एन. कलैसेल्वी, लिथियम बॅटरीवर काम करणाऱ्या विद्युतरसायनशास्त्रज्ञ. त्यांचे शालेय शिक्षण तमिळ माध्यमात झाले आहे. आणि मधुमेहाच्या ज्या सिटाग्लिप्टिनच्या गोळ्या आता घरोघरी दिसतात, त्या बनवायला एक खास घडवलेले विकर वापरतात. विकरांना अशी पिढ्यानपिढ्या 'उत्क्रांत' करण्याची युक्ती रूढ करणाऱ्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांची पीएच.डी. केमिकल इंजिनीअरिंगमधली.

इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत मुलांपेक्षा मुली जास्त होत्या: सुमारे २९.८ लाख मुली आणि २७.४ लाख मुले. पण देशातल्या संशोधकांत स्त्रिया पाचात एकही भरत नाहीत. आयआयटीत मुलींची संख्या इतकी कमी होती की २०१८ पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा ठेवाव्या लागल्या. कारखान्यांतही तेच. मुलगी हुशार, नीटनेटकी, म्हणून तिला 'क्यूसी'ची एसी प्रयोगशाळा द्यायची आणि मुलाला प्लांटवर. वरकरणी ही मेहेरबानी वाटते. बारा-पंधरा वर्षांनी प्लांट मॅनेजर नेमायचा प्रश्न येतो, तेव्हा प्लांटचा अनुभव कोणाकडे असतो? पहिली तीन-चार वर्षे धूळ, आवाज आणि शिफ्ट सहन करून प्लांटवर काढलेल्या मुलीला पुढे आराखडा, सुरक्षा, व्यवस्थापन असे कुठेही जाता येते. उलटा प्रवास फार थोड्यांना जमतो.

आता त्या आईचा खरा प्रश्न. रसायनांचा मूल होण्यावर परिणाम होतो का? काही रसायनांचा होतो. पण तो फक्त बायकांवर होतो, ही समजूत चुकीची आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कीटकनाशकाच्या एका कारखान्यात कामगारांच्या लक्षात आले की आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही. तपासणी झाली. डीबीसीपी नावाच्या, जमिनीतल्या सूत्रकृमींवरच्या औषधामुळे त्यांचे शुक्रजंतू घटले होते, काहींचे नाहीसे झाले होते. हे कामगार पुरुष होते. त्यानंतर काय केले? 'पुरुषांना या कामावर घेऊ नका' असे कोणी म्हटले नाही. ते रसायनच मागे घेतले.

बायकांच्या बाबतीत न्याय वेगळा लावला गेला. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात रंगद्रव्ये बनवणाऱ्या एका कारखान्याने नियम काढला की शिसे हाताळणाऱ्या विभागात मूल होऊ शकणाऱ्या बायका नकोत. नोकरी टिकवण्यासाठी पाच जणींनी गर्भाशयाच्या नळ्या बांधून घेतल्या. काही काळाने तो विभागच बंद झाला. बॅटरी बनवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा असाच नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९१ मध्ये न्यायालयाने तो स्त्रियांशी भेदभाव म्हणून रद्द केला. शिशाने पुरुषांच्या शुक्रजंतूंनाही अपाय होतो, याचा पुरावा समोर असताना पुरुषांना मोकळे सोडून बायकांना बाहेर काढले होते. शिसे वाईटच आहे. ते हाडांत साठते आणि गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम बाहेर पडते तेव्हा त्यासोबत रक्तात येते, नाळेतून बाळापर्यंत पोहोचते. पण म्हणूनच त्याचे हवेतले प्रमाण सगळ्यांसाठी कमी ठेवायला हवे.

डॉक्टरी पेशाने इथे जरा स्वतःकडेही पाहावे. इथिलीन ऑक्साइड हा वायू रुग्णालयांत उपकरणे निर्जंतुक करायला वापरतात. फिनलंडमध्ये निर्जंतुकीकरण विभागातल्या कर्मचाऱ्यांच्या १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या वायूशी संपर्क आलेल्या गरोदर स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण जास्त आढळले. कर्करोगाची इंजेक्शने तयार करणाऱ्या परिचारिका, शस्त्रक्रियागृहात भुलीच्या वायूत उभ्या राहणाऱ्या सिस्टर, क्ष-किरण विभागातल्या तंत्रज्ञ, या सगळ्यांना असेच धोके असतात. तरी 'मुलीला नर्सिंगला घालू नका, मूल होणार नाही' असे कोणी म्हणत नाही. चुलीच्या धुरात नऊ महिने स्वयंपाक करणाऱ्या बाईबद्दल तर कोणालाच काही वाटत नाही आणि त्या धुराने बाळाचे वजन कमी भरते, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे.

धोका असतो तिथे काय करायचे, याचा क्रम ठरलेला आहे. घातक पदार्थाऐवजी साधा पदार्थ वापरता येतो का, हे आधी पाहायचे. नाही तर तो बंद यंत्रणेत ठेवायचा. मग हवा खेचून घेणारी व्यवस्था. मास्क आणि हातमोजे सर्वांत शेवटी. आपल्याकडे सुरुवातच शेवटून होते: मास्क देऊन टाकला की जबाबदारी संपली. त्यातही मास्क पुरुषी चेहऱ्याच्या मापाचा असतो. लहान चेहऱ्यावर तो गालापाशी उघडा राहतो आणि वाफ तिथूनच आत शिरते. तीच गत मोठ्या हातमोज्यांची.

मूल हवे असेल तर काही गोष्टी कामावरच्या मुलीने आणि तिच्या नवऱ्यानेही, कारण डीबीसीपीची गोष्ट वर आलीच आहे, आधीच पाहायला हव्यात. गर्भाचे अवयव घडतात ते गर्भधारणेनंतरच्या साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. पाळी चुकली हे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत यातला काही काळ निघून गेलेला असतो. म्हणून गरोदर राहिल्यावर सांगू, असे न करता मूल होऊ द्यायचे ठरवतानाच कंपनीच्या डॉक्टरशी बोलावे. हाताळत असलेल्या प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक असते. त्यात प्रजननावरच्या परिणामांचा उल्लेख असतो. ते मागून वाचावे. शिसे, पारा, कार्बन डायसल्फाइड, इथिलीन ऑक्साइड, काही ग्लायकॉल इथर अशी मोजकी नावे दिसली तर त्या काळापुरते काम बदलून मागावे. नोकरी सोडायची गरज नसते. ऑफिसात किंवा आराखड्याच्या कामात असलेल्या मुलीला तर हा प्रश्नच नाही.

रसायनांपेक्षा जास्त मुली डॉक्टरांकडे येतात त्या एका साध्या कारणाने. साइटवर बायकांचे स्वच्छतागृह नसते किंवा असते पण दहा मिनिटे चालून जावे लागते. मग मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, पुन्हा होतो, खडे होतात. कारखाना कायद्यात स्त्रियांसाठी वेगळ्या स्वच्छतागृहाची सक्ती १९४८ पासून आहे.

बाळंतपणानंतर काय, हा आणखी एक मुद्दा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि ५० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. पाळणाघर कागदावर नाही ना, ते बघून घ्यावे. संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'वाइज-किरण' योजनेतून शिष्यवृत्त्या आहेत, जैवतंत्रज्ञान विभागाची 'बायोकेअर' आहे. सीएसआयआर-यूजीसीच्या संशोधन शिष्यवृत्तीत स्त्रियांना वयाची पाच वर्षे सवलत आहे.

खेडच्या आईला हे सगळे ओपीडीच्या गर्दीत सांगणे शक्य नव्हते. थोडेसे सांगितले गेले: धोका आहे पण तो मोजता येतो, तो पुरुषालाही असतो, आणि मास्क बसतो का, बाथरूम कुठे आहे आणि रात्री घरी सोडायला गाडी येते का, हे नोकरीच्या वेळी विचारायचे. शिवाय आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी राज्य सरकारने २०२४-२५ पासून माफ केली आहे, तेव्हा दाखल्यांची फाईल नीट करा. आईने दाखल्यांची नावे मुलीला लिहून घ्यायला सांगितली. मुलीने पहिल्यांदाच मान वर केली आणि विचारले, "मॅडम, त्या पेनिसिलिनवाल्या बाईंचं नाव परत सांगता का?" आई म्हणाली, "ते मागनं. आधी हॉस्टेल मिळतं का विचार."